सात वर्षांच्या मुलाला कोणता व्यायाम लावावा?

पुण्याच्या एका आईने विचारलं आहे: माझा मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे. अंगाने बारीक, पण फारसा आजारी पडत नाही. शाळेत फिटनेसची चाचणी झाली, त्यात एका पायावर उभं राहताना तो सारखा खाली उतरत होता असा शेरा आला. चार मजले चढला की दमतो, रात्री कधीकधी पाय दुखतात म्हणतो. शाळा नऊ ते चार, पाच ते सहा अबॅकस, मग गृहपाठ. त्याला क्रिकेटला घालू, कराटेला की स्केटिंगला? की घरीच रोज सूर्यनमस्कार आणि जोर-बैठका करून घेऊ?

ताई, मी साताऱ्यात तेवीस वर्षं प्राथमिकच्या मुलांना शारीरिक शिक्षण शिकवते. तुमच्या प्रश्नातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी पालकसभेत ऐकलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो शेरा. शाळांत होणाऱ्या खेलो इंडिया या केंद्र सरकारच्या योजनेच्या चाचण्यांमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांना तीनच गोष्टी असतात: उंची-वजनावरून काढलेला बीएमआय, एका पायावरचा तोल (याला फ्लेमिंगो म्हणतात) आणि दोन चकत्यांवर हात आलटून पालटून किती भरभर मारता येतो ते. ५० मीटर, ६०० मीटर धावणं, पोटाची आणि दंडाची ताकद हे सगळं चौथीपासून पुढे. म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाला दमसास मोजतच नाहीत. हातापायांवर ताबा किती आला आहे, एवढंच बघतात.

फ्लेमिंगोची पट्टी अवघी ३ सेंटीमीटर रुंद असते. तिच्यावर एका पायाने उभं राहायचं, दुसरा पाय मागे दुमडून हाताने धरायचा, आणि एका मिनिटात तोल किती वेळा गेला ते मोजतात. तुमच्या मुलाने ती पट्टी त्या दिवशी बहुधा पहिल्यांदाच पाहिली असेल. घाबरलेलं मूल काय करतं, हे मी शेकडो वेळा बघितलंय. ते खाली स्वतःच्या पायाकडे बघतं, पायाची बोटं आवळून घेतं, खांदे कानापर्यंत वर येतात, श्वास रोखलेला असतो. मी समोरच्या भिंतीवर खडूने एक फुली काढते आणि सांगते, हिच्याकडे बघ आणि मला तुझं नाव सांग. नाव सांगताना श्वास सुटतो, खांदे खाली येतात आणि बरीच मुलं तिथेच सावरतात. तेव्हा त्या एका शेऱ्यावरून त्याला कमजोर ठरवू नका, आणि त्याच्यासमोर तर तो विषय काढूच नका.

तोल शिकवावा लागतो, आणि तो शिकवायला आपल्याकडे लंगडीसारखं साधन नाही. लंगडी घालताना मूल एका पायावर नुसतं उभं नसतं. ते उडी मारतं, वळतं, पुढे पळणाऱ्याच्या अंदाजाने अंग झुकवतं, हात लांब करतं आणि तरीही दुसरा पाय टेकू देत नाही. माझ्या वर्गात दुसरीतली एक मुलगी होती. उजव्या पायावर अख्ख्या मैदानाला फेरी मारायची, डाव्यावर चौथ्या उडीला पाय टेकायची. मी तिला वेगळा काही व्यायाम दिला नाही. नियम बदलला, एवढंच: आज सगळ्यांनी डाव्या पायाने लंगडी घालायची. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती डाव्या पायावरही गडी बाद करायला लागली. तुमच्याकडे हेच करा, दोन्ही पायांनी. एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा कच्चा असतोच, पण फरक फार मोठा असेल तर मला कळवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, कोणता व्यायाम लावावा. माझं उत्तर असं की या वयात व्यायाम लावू नये. खेळायला वेळ, जागा आणि सोबती द्यावेत. हे मी हौसेने म्हणत नाही, लहान मुलाचं शरीर चालतंच तसं. १९९५ साली अमेरिकेत ६ ते १० वर्षांच्या मुलांच्या हालचाली दर काही सेकंदांनी टिपून ठेवल्या होत्या. त्यात दिसलं की जोरकस हालचालीचा एक झटका साधारण ३ सेकंदच टिकतो. धावलं, थांबलं, वाकलं, उडी मारली, पुन्हा धावलं. असे शेकडो झटके मिळून मुलाचा दिवस होतो. मोठ्यांसारखं सलग वीस मिनिटं धावायला लावलं की ते कंटाळतं, आणि आपण म्हणतो याला स्टॅमिना नाही. त्याच मुलाला शिवाशिवी खेळू द्या, तासभर थांबत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० सालचं सांगणं ५ ते १७ वयासाठी असं आहे: आठवड्याची सरासरी काढली तर दिवसाला किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस जोराचं धावणं-पळणं आणि हाडं-स्नायू बळकट होतील असं काही, म्हणजे उड्या मारणं, लोंबकळणं, चढणं. हा तास सलग हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. सकाळी दहा मिनिटं, मधल्या सुट्टीत पंधरा, संध्याकाळी पस्तीस-चाळीस, असा तो सहज भरतो. दम लागला की नाही हे ओळखायला घड्याळ नको. मूल बोलू शकतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप हवी. कपाळावर घाम, गाल तापलेले, आणि हाक मारली तरी "आलोऽऽ" म्हणून न येणं!

मग हा तास जातो कुठे? शाळेत खेळाचा तास असतो ना, असं तुम्ही म्हणाल. मी एकदा माझ्याच तासाला स्टॉपवॉच घेऊन एका मुलीवर लक्ष ठेवलं. पस्तीस मिनिटांचा तास. वर्गातून रांगेने मैदानावर येणं, हजेरी, सूचना, मग गट पाडणं, मग आपला नंबर येण्याची वाट बघणं. ती मुलगी प्रत्यक्षात हलली साडेचार मिनिटं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण तास माझा होता आणि मी तो चांगला घेते असं मला वाटत होतं. तेव्हापासून मी बाद होऊन बसायचे खेळ लहान वर्गांत बंद केले. बाद कोण आधी होतं? ज्याला पळता येत नाही ते. म्हणजे ज्याला हालचालीची सगळ्यात जास्त गरज, तेच कडेला बसून बघत राहतं. आमच्याकडे आता बाद झालेल्याने भिंतीला हात लावून, दहा दोरीच्या उड्या मारून परत खेळात यायचं. एका चेंडूवर चाळीस मुलं ठेवायची नाहीत. जुन्या मोज्यांचे, चिंध्यांचे वीस चेंडू केले आहेत, दोघांत एक. मुलींना आठवड्यातून फक्त पीटीच्या दिवशी नाही, रोज पँट घालू द्या असं मी मुख्याध्यापकांच्या मागे लागून करून घेतलं, कारण स्कर्ट सावरत कुणी घसरगुंडीवर चढत नाही.

यात शिक्षकांनाही फार दोष देता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं आहे, पण आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची (अर्धवेळ शिक्षकाची) तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे, तीही पट शंभराच्या वर असला तर. पहिली ते पाचवीला तशी तरतूद नाही. म्हणजे धावायला, फेकायला, झेलायला शिकण्याच्या नेमक्या वयात शिकवणारा माणूस नाही. वर्गशिक्षिकाच सगळं करते, आणि परीक्षा जवळ आली की पहिला तास जातो तो खेळाचा. मी सुरुवातीला ज्या शाळेत होते तिथे गृहपाठ न करणाऱ्या मुलाला खेळाच्या तासाला वर्गात बसवायचे. पुढचे दोन तास तेच मूल बाकावर चुळबुळत बसायचं आणि पुन्हा बोलणी खायचं. तुमच्या मुलाच्या शाळेत असं होत असेल तर वर्गशिक्षिकेला जाऊन भेटा, गोडीने बोला, पण बोला. शिक्षा म्हणून खेळ काढून घेऊ नये, यावर पालकांनी ठाम राहायलाच हवं.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिकेने रोज पंधरा मिनिटं सगळ्या मुलांना वर्गातून बाहेर काढून आपापल्या वेगाने धावायला किंवा चालायला लावलं. गणवेश तोच, साधन काही नाही, शर्यत नाही. ते पुढे कितीतरी देशांत गेलं. आमच्याकडे परिपाठानंतर आम्ही मैदानाला फेऱ्या मारतो, गप्पा मारत. नऊची शाळा असेल तर ऊनही फार चढलेलं नसतं.

आता संध्याकाळ. चार ते पाच त्याचं काय होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा खाणं आणि टीव्ही. माझी आग्रहाची विनंती आहे की तो तास त्याला खाली खेळायला द्या, आणि अबॅकस आठवड्यातून दोन दिवसांवर आणा. सोसायटीत पार्किंग आहे, चेंडूला बंदी आहे, हे मला माहीत आहे. चेंडू लागत नाही असे खेळ आपल्याकडे ढीगभर आहेत: डोंगर का पाणी, साखळी, विषामृत, लंगडी, खडूने चौकोन आखून ठिकरी, दोरीवरच्या उड्या. दोन-तीन आयांनी मिळून रोज एकीने खाली बसायचं ठरवलं की मुलं जमतात. मूल एकटं खाली गेलं तर दहा मिनिटांत वर येतं. चार जण असले तर बोलवायला जावं लागतं.

आणि मुलं वेगवेगळ्या वयांची असू द्या. आपल्या खेळांत एक फार शहाणपणाची सोय होती, कच्चं लिंबू. लहानग्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण त्याच्यावर राज्य द्यायचं नाही. ते धाकटं मूल मोठ्यांच्या पायात पायात करत धावायचं, कसं चकवायचं, कसं वळायचं ते बघून शिकायचं, आणि वर्षभराने आपण होऊन म्हणायचं, आता मी कच्चं लिंबू नाही. क्लासमध्ये वयाप्रमाणे बॅच असते, तिथे हे घडत नाही. तुमचा मुलगा बारीक आहे, तोल कच्चा आहे, म्हणजे समवयस्कांत तो पहिला बाद होत असणार. त्याला दोन महिने कच्चं लिंबू म्हणून खेळू द्या. मोठ्या मुलांना नीट सांगितलं की ती सांभाळून घेतात.

जोर-बैठका नकोत. इजा होईल म्हणून नाही. मोजून दहा, मोजून वीस असं आईने समोर उभं राहून करून घेतलेलं काहीही या वयात शिक्षा वाटतं, आणि ती नावड मोठेपणी जात नाही. सूर्यनमस्कार तुम्ही स्वतः करत असाल तर तो शेजारी येऊन करेल, तेवढे पुरेत. ताकदीसाठी त्याला लोंबकळू द्या. बागेतली आडवी दांडी, आंब्याची खालची फांदी, दाराला लावायचा बार, काहीही चालेल. सुरुवातीला पाच सेकंदही लटकता येणार नाही. लटकल्याने उंची वाढत नाही, हे मात्र आजी-आजोबांना आत्ताच सांगून ठेवा. खांदे आणि पकड मजबूत होतात, अक्षरही सुधारल्याचं मी काही मुलांत पाहिलं आहे. किराणा आणताना दोन किलोची पिशवी त्याच्याकडे द्या. दप्तर मात्र हलकं करा. २०२० च्या दप्तर धोरणाप्रमाणे ते मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको. तो २० किलोचा असेल तर पाण्याच्या बाटलीसकट २ किलो.

क्लास लावूच नका असं मी म्हणत नाही. लावायचा तर आधी एक दिवस कडेला बसून तो बघून या. एका तासात मुलं रांगेत किती वेळ उभी असतात ते मोजा. क्रिकेटच्या नेटमध्ये सात वर्षांच्या मुलाला दहा चेंडू खेळायला मिळतात आणि बाकी वेळ तो उभा असतो, असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलं. पोहणं उत्तम, कारण त्यात रांग कमी आणि जीव वाचवायची विद्या हाती येते. तुमच्या जवळपास मल्लखांब शिकवणारी तालीम किंवा व्यायामशाळा असेल तर मी तिकडे पहिलं बोट दाखवीन. पकड, पोट, पाठ, तोल, उलटं होण्याची भीती जाणं, सगळं एका खांबावर होतं, आणि या वयात मुलं ते फार लवकर उचलतात. खो-खोही तसाच; बसून उठणं, दिशा बदलणं, हुलकावणी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. त्याला तेही सांगा, मुलांना असलं ऐकायला आवडतं. एकाच खेळाला मात्र आत्तापासून जुंपू नका. साधा हिशेब ठेवा: आठवड्याला क्लासचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस क्लासला पूर्ण सुट्टी.

तो बारीक आहे म्हणून वजनाची काळजी नाही, असं तुमच्या पत्रातून जाणवलं, तर त्याबद्दलही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या माता आणि बाळांचा पाठपुरावा केला. त्यातून दिसलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी असतात, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त असतं. काटक दिसणारं मूल आतून काटक असतंच असं नाही. स्नायू हालचालीने आणि डाळ-उसळ-दूध-अंड्याने येतात. डब्याशिवाय संध्याकाळी खेळून आल्यावर मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा केळं द्या. दुधात घालायच्या पावडरींवर पैसे घालवू नका.

दमण्याबद्दल आणि पायदुखीबद्दल मी डॉक्टर नाही, पण मैदानावर जे बघून मी मुलांना डॉक्टरांकडे पाठवते ते सांगते. चार मजल्यांना दम लागणं हे बहुतेक वेळा सवय नसल्याचं लक्षण. पण २०१६ ते १८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ५ ते ९ वर्षांच्या जवळपास चौथा हिस्सा मुलांमध्ये रक्त कमी आढळलं होतं, त्यामुळे एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. धावताना किंवा धावून थांबल्यावर खोकला सुरू होत असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दम्याची शंका घ्यावी. औषधाने असली मुलं उत्तम खेळतात. रात्री दोन्ही पायांच्या पोटऱ्या किंवा मांड्या दुखतात, चोळलं की बरं वाटतं आणि सकाळी मूल उड्या मारत उठतं, तर काळजी नको. एकच पाय दुखतो, सांधा सुजतो, सकाळी लंगडत चालतो किंवा ताप येतो, तर थांबू नका. धावताना चक्कर येऊन पडणं किंवा छातीत दुखणं झालं, तर डॉक्टरांनी बघेपर्यंत खेळ बंद.

आणखी एक खूण, जी फार थोड्यांना माहीत असते. मांडी घालून बसलेल्या मुलाला उठायला सांगा आणि नीट बघा. आधी हात जमिनीवर टेकतो, मग गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच पायांवर हातांनी चढत चढत उठत असेल, पोटऱ्या फुगीर दिसत असतील, वारंवार पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. स्नायूंच्या एका गंभीर आजाराची ती खूण असू शकते. असा एक मुलगा माझ्याकडे पहिलीत होता. आम्ही सगळे वर्षभर त्याला आळशी म्हणत होतो. ते मला अजून टोचतं, म्हणून हे प्रत्येक पालकाला सांगते.

ऊन-पावसाचं थोडक्यात. लहान मुलांना मोठ्यांपेक्षा घाम कमी येतो, म्हणून मार्च ते जूनच्या पावसापर्यंत सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर खेळ, आणि दर वीस मिनिटांनी पाणी, तहान लागली नाही तरी. पावसाळ्यात जिन्याखाली फुगडी, दोरीच्या उड्या, घरात फुगा जमिनीला लागू न देण्याचा खेळ. पण जेव्हा जमेल तेव्हा बाहेर. चीनमधल्या ग्वांगझूत पहिलीच्या मुलांना शाळेच्या दिवसांत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तर तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस नंबर लागला (म्हणजे लांबचं धूसर दिसायला लागलं); जास्त बाहेर न ठेवलेल्या मुलांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होतं. डोळ्यांच्या या फायद्यासाठी धावावंही लागत नाही, बाहेरचा उजेड पुरतो. रात्री झोप नऊ तासांच्या खाली जाऊ देऊ नका. खेळलेलं मूल साडेनऊला आपण होऊन आडवं होतं.

या रविवारी घरी एवढं करून बघा: जमिनीवर, पट्टी नको, एका पायावर डोळे समोर ठेवून तो किती मोजेपर्यंत उभा राहतो, आधी उजव्या आणि मग डाव्या पायावर. मग प्रत्येक पायावर सलग किती लंगड्या घालतो आणि तीन मीटरवरून टाकलेले दहा चेंडू किती झेलतो. कॅलेंडरवर त्याच्याच हाताने आकडे लिहून घ्या. सहा आठवडे रोज संध्याकाळी खाली खेळू द्या, मधे एकदाही मोजू नका. त्यानंतर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे मला पाठवा. डावा पाय तेव्हाही मागे असेल, तर पुढे काय करायचं ते मी लिहीन.